काजूच्या बिया आणि फुरशाचं विष

(माजी विद्यार्थी मेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘माझी संशोधनाची वाटचाल’, आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. विषयाचं पुढे बघू, पण वीस मिनिटं ही वेळ कुणी ठरवली ते मला माहीत नाही. माझ्या धंद्यात वीस मिनिटांना फार महत्त्व आहे. ते का, हे मधे कधीतरी सांगेन.

सकाळपासून चार जणांनी मला विचारलं, “काय रे, तू सापांचा डॉक्टर ना?” एकाने तर शेतावर सापडलेलं पिल्लू प्लॅस्टिकच्या बरणीतून दाखवायला आणलं. (ते कवड्या होतं, बिनविषारी. सोडून द्यायला सांगितलं आहे.) तेव्हा आधी गैरसमज दूर करतो. मी डॉक्टर आहे तो पीएचडीचा, औषध देणारा नव्हे. आणि आयुष्यात मी एकही विषारी साप हाताने धरलेला नाही. मला सापांची भीती वाटते, आजही वाटते. मी चाळीस वर्षं ज्याच्यावर काम केलं ते विष माझ्याकडे काचेच्या कुपीत, पिवळ्या पुडीच्या रूपात येत असे. ते ज्याच्या तोंडातून काढलं तो साप दुसऱ्याच कुणीतरी धरलेला असे.

बहुतेक वेळा हे दुसरं कुणीतरी म्हणजे तमिळनाडूतले इरुळा लोक. साप पकडण्यात त्यांचा हात धरणारा या देशात कुणी नाही. पूर्वी ते कातड्यासाठी साप धरत. तो व्यापार बंद पडल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. साप धरायचा, मडक्यात ठेवायचा, काही दिवस ठरावीक अंतराने विष काढायचं आणि परत रानात सोडायचा. देशात तयार होणाऱ्या प्रतिविषाला लागणारं विष कितीतरी वर्षं मुख्यतः तिथूनच येत आलं आहे. तिथे एका म्हाताऱ्या इरुळा बाईंना मी नाग धरताना पाहिलं. आपली आई वालीच्या शेंगा निवडते तितक्या सहज. मी दहा फुटांवर भिंतीला टेकून उभा होतो.

आता वाटचालीकडे येतो. पण ती जिथून सुरू झाली ती गोष्ट माझ्या कुठल्याही बायोडेटात नाही, आणि मी ती या वर्गाला कधी सांगितलेली नाही.

तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, आठवी ब मध्ये माझ्या शेजारी कोण बसायचा. त्याचं नाव घेत नाही, त्याचे भाऊ समोर बसले आहेत, त्यांची परवानगी मी काल रात्री घेतली आहे. मार्च १९७६. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि आपल्या सगळ्यांचं लक्ष काजूच्या बियांवर होतं. वाणी बिया वजनावर घ्यायचा आणि त्या पैशात बाजाराच्या दिवशी गारेगार मिळायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं सड्याकडे गेलो. ज्यांची कलमं होती त्यांचं नाव सांगत नाही, पण बोंडू खाल्ल्यावर बी गडग्याच्या भोकात लपवून ठेवायची आणि संध्याकाळी येऊन काढायची ही आमची रीत. संध्याकाळी त्याने भोकात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मी वाकून बघितलं. वीतभर लांबीचं तपकिरी काहीतरी, पाठीवर पांढुरक्या खुणा, अंगावर अंग घासत दगडाआड जात होतं. तो करवत घासल्यासारखा खर्र आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते फुरसं होतं. त्यालाही कळलं होतं आणि मलाही.

त्याने बोट तोंडात घातलं, थुंकला आणि म्हणाला, “घरी सांगशील तर बघ.” मारापेक्षाही चोरीची भीती जास्त होती. त्याचे वडील कडक होते आणि बागवाले त्यांच्या ओळखीचे. घरी त्याने गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं. रविवारी हात सुजला, पण सूज गांधीलमाशीनेही येते. सोमवारी तो शाळेत आला. तिसऱ्या तासाला शास्त्र होतं. त्याच्या वहीच्या पानावर रक्ताचा थेंब पडला. हिरड्यांतून येत होतं. बाईंनी विचारलं, तर म्हणाला दात हलतोय. बाई दोन पावलं पुढे आल्या, माझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, “काय रे, तुला काही ठाऊक आहे का?” मी मान हलवली. नाही म्हणून.

मंगळवारी त्याचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. तेव्हा त्याने घरी सांगितलं. आपल्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. पान लागलंय म्हटल्यावर आधी उतारा झाला, मग मुळी उगाळून झाली. बुधवारी तालुक्याला नेला, तिथे लस नव्हती. तिथून जिल्ह्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. वाटेतच गेला.

गावात नंतर बरंच काही बोललं गेलं. सड्यावरच्या जागेचं नाव घेतलं गेलं, कुणाची तरी बाधा म्हणून सांगितलं गेलं. मला खरं माहीत होतं आणि मी बोललो नाही. वय तेरा होतं, हे कारण मी स्वतःला बराच काळ सांगत आलो.

दहावीनंतर रत्नागिरीला कॉलेज, मग मुंबईला बायोकेमिस्ट्री. एम.एस्सी.ला असताना आमची सहल परळच्या हाफकिन संस्थेत गेली. १८९९ पासून तिथे, म्हणजे गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, प्लेगची प्रयोगशाळा होती. प्लेगची लस तयार केल्यावर हाफकिनसाहेबांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं. पण माझ्या डोक्यात राहिली ती मांडणीतल्या एका सापाखालची चिठ्ठी, ‘फुरसे’ असं लिहिलेली. बाकीची मुलं पुढे गेली, मी तिथेच उभा. सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, याच्यावर काम करता येईल का?

त्यांनी हो म्हटलं, आणि मला नाग दिला! फुरसं माझ्या हाती यायला पुढे वीसेक वर्षं गेली. संशोधनात असंच असतं. ज्या दारातून शिरायचं असतं ते बंद असतं, मग शेजारच्या दारातून शिरावं लागतं, आणि आत गेल्यावर कळतं की शेजारच्या खोलीतही पुष्कळ पसारा आहे.

थोडं शास्त्र सांगतो, बाई समोर आहेत म्हणून सांभाळून सांगतो. विष म्हणजे एक पदार्थ नव्हे. डझनावारी प्रथिनांचं ते मिश्रण असतं आणि प्रत्येक सापाचं वेगळं. फुरशाच्या विषात एक प्रथिन असं आहे की ते आपलं रक्त गोठवण्याची यंत्रणा एकदम चालू करतं. ऐकायला उलट वाटेल. पण सगळीकडे एकाच वेळी बारीक बारीक गोठणं सुरू झालं की गोठवायला लागणारा माल, म्हणजे फायब्रिनोजेन, संपून जातो. मग खरी गरज पडते तिथे रक्त गोठतच नाही. हिरडीतून येतं, लघवीतून जातं, आणि कधी दोन-चार दिवसांनी मेंदूत. त्या वहीवरच्या थेंबाचा अर्थ मला कळला तो एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, लायब्ररीत, एका जुन्या इंग्रजी पुस्तकात. पुस्तक मिटून मी खाली जाऊन चहा प्यायलो होतो, एवढं आठवतं.

नाग आणि मण्यारीचं काम वेगळं. ते रक्ताला फारसे हात लावत नाहीत, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतात. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो आणि घरचे ओवा देतात.

आता उपाय. आपण ज्याला सापाची लस म्हणतो ती लस नव्हेच. लस शरीराला शिकवते आणि शिकायला आठवडे लागतात. चावलेल्या माणसाकडे आठवडे नसतात. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या आणि घटसर्पाच्या विषावर दाखवून दिलं की एका प्राण्याने कमावलेलं संरक्षण त्याच्या रक्तातून दुसऱ्याला देता येतं. चारपाच वर्षांत फ्रान्सच्या काल्मेतने तेच सापाच्या विषाबद्दल केलं. सायगावला असताना त्याने नागांचे बळी पाहिले होते. आजही पद्धत मुळात तीच आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा द्यायची, हळूहळू वाढवायची. काही महिन्यांत त्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग रक्त काढायचं, तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या, वरचं पाणी ठेवायचं. त्यातली प्रतिपिंडं वेगळी करायची, पेप्सिनने त्यांचं शेपूट कापायचं म्हणजे माणसाला रिअॅक्शन कमी येते, आणि वाळवून कुपीत भरायची. घोड्याने घेतलेलं शिक्षण आपण उसनं घेतो. आपल्या देशात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध एकत्र असतं. कोकणातला चापडा त्यात नाही, हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

माझा पीएचडीचा प्रश्न असा होता. नागाच्या विषातली जी प्रथिनं माणसाला मारतात ती फार लहान असतात, साठसत्तर अमिनो आम्लांची. आणि प्रतिकारशक्तीची एक खोड आहे. ती मोठ्या गोष्टींवर भुंकते, लहानांकडे दुर्लक्ष करते. घोडा मोठ्या प्रथिनांविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं बनवतो आणि जी मारणारी, त्यांच्याविरुद्ध कमी. म्हणूनच रोग्याला इतक्या कुप्या चढवाव्या लागतात, कुपीतल्या प्रतिपिंडांपैकी कामाची थोडीच असतात. आम्ही काय केलं, तर ते लहान प्रथिन एका मोठ्या प्रथिनाला जोडून सशांना टोचलं. मोठ्याच्या पाठीवर बसून लहानगा नजरेस पडेल, अशी कल्पना. प्रतिपिंडं भरघोस आली. मी घरी पत्र लिहिलं, पेढे वाटले. मग उंदरांवर खरी परीक्षा घेतली. उंदीर मेले. प्रतिपिंडं विषाला चिकटत होती, पण ज्या जागी चिकटायला हवं तिथे नाही. विष आपलं काम करतच होतं. चिकटणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला मला तीन वर्षं आणि किती उंदीर लागले ते मी सांगत नाही. त्यांचा हिशेब वहीत आहे. सरांना म्हटलं, सगळं वाया गेलं. ते म्हणाले, “वाया कसं? हेच लिही.” तसंच लिहिलं. १९९१ मध्ये पीएचडी मिळाली, पेढे पुन्हा वाटले नाहीत.

मधे एकदा मे महिन्यात दीड दिवस वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं होतं, आणि दोन वर्षांचं सिरम फ्रीजरमध्ये आंबलं. त्यावर मी जे बोललो ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

पुढे दोन वर्षं लिव्हरपूलला होतो. तिथल्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत विषाचं मोठं काम चालतं आणि साप जिवंत ठेवलेले असतात. बाहेर बर्फ आणि आत काचेच्या पेटीत उबदार दिव्याखाली आफ्रिकेतल्या फुरशाची भावंडं. तोच खर्र आवाज. पहिल्या दिवशी मी त्या खोलीतून बाहेर आलो. तिथल्या बाईंनी विचारलं बरं वाटत नाही का, मी म्हटलं, थंडी.

परत आलो १९९४ मध्ये. गणपतीला गावी आलो होतो. तेव्हा मी माझ्या मित्राच्या आईकडे गेलो. पडवीत त्या भात पाखडत होत्या. सगळं सांगितलं, गडग्यापासून वर्गापर्यंत. त्या पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं रे. त्याच्या चड्डीच्या खिशात बिया होत्या.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तू सांगायला आलास तो अठरा वर्षांनी आलास.” आणि मग, “जेवून जा.” मी जेवलो. त्या आता नाहीत.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं प्रयोगशाळेची, ती पटकन सांगतो. आधी नाग, मग मण्यार. विद्यार्थी आले, गेले, काही माझ्याहून मोठे झाले. पेपर निघाले, ते वाचणारे जगात पन्नासेक लोक असतील. २००७ साली मात्र गंमत झाली. तेव्हा गंमत वाटली नव्हती. मला विषाच्या पुडीजवळ गेलं की शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. मी धूळ समजत होतो. एक दिवस कुपी उघडली आणि अंगभर गांधी उठल्या, छाती आवळली, श्वास येईना. विद्यार्थिनीने प्रसंगावधान राखून अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून आज बोलतो आहे. वाळवलेल्या विषाची बारीक पूड वर्षानुवर्षं नाकात जाऊन माझ्या शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं केली होती, पण उपयोगाची नाहीत, अॅलर्जीची. अॅलर्जी हा शब्द १९०६ मध्ये फॉन पिर्केने काढला. त्याआधी शिकसोबत त्याने घोड्याचं सिरम दिलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी का होते याचा अभ्यास केला होता. म्हणजे मूळ शब्दच आमच्या गल्लीतला. मी आयुष्यभर घोड्यांना आणि सशांना जे शिकवू पाहत होतो ते माझं अंग न विचारता शिकून बसलं, आणि चुकीचं शिकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विषाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला त्याची खोली बंद झाली की काय वाटतं, हे इथल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको. सहा महिने मी नुसता बसून होतो. घरात भांडलोही.

आणि मग मी कोकणात यायला लागलो. विष नको तर रोगी बघू, असा विचार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांबरोबर फुरसं चावलेल्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला लागलो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण डोळ्यांसमोर होतंच. इंगळी चावून मुलं दगावत होती, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात रात्ररात्र बसून रोग्यांच्या हृदयाचं काय होतं ते बघितलं, प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी वापरली आणि मृत्यू कमालीचे कमी झाले. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मोठ्या यंत्रांशिवाय ते झालं होतं, याचा मला तेव्हा फार आधार वाटला.

आता वीस मिनिटांचं सांगतो. फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे, प्रतिविष चढवा. एवढीच परीक्षा. वीज नको, यंत्र नको. पण नळी काचेची हवी, प्लॅस्टिकची नाही, आणि साबणाने धुतलेली नको, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही. ही गोष्ट मी किती आरोग्य केंद्रांत सांगितली असेल त्याचा हिशेब नाही. काही ठिकाणी नळ्याच नव्हत्या. मी बॅगेत घेऊन फिरायचो. आमच्या मंडळींनी माझं नाव ‘नळीवाला’ ठेवलं होतं.

दुसरं सांगायचो ते मुलांबद्दल. मुलाला प्रतिविष कमी द्यायचं नसतं. सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं, उलट तेवढंच विष लहान अंगात गेलेलं असतं. म्हणून मोठ्याला दहा कुप्या तर मुलालाही दहा. सुरुवातीला नर्सबाई घाबरून माझ्याकडे बघायच्या. आणि प्रतिविष दिलं की लगेच रक्त गोठेल असंही नाही. विष अडवलं गेलं तरी यकृताला नवा माल तयार करायला तास लागतात, म्हणून सहा तासांनी पुन्हा नळी.

शास्त्रज्ञ म्हणून माझ्या मनात राहिलेला प्रश्न असा. घोड्यांना टोचलेलं विष दक्षिणेतल्या सापांचं आणि चावणारं फुरसं आमच्या सड्यावरचं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, हे आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी चांगलं दाखवलं आहे. त्याच संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्सच्या लोकांनी २०२४ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं एक प्रतिपिंड जाहीर केलं. घोडा नाही, ससा नाही. आणि ते अडवतं कशाला, तर त्या लहान प्रथिनांच्या एका मोठ्या गटाला, वेगवेगळ्या सापांमधल्या. तो पेपर मी दोनदा वाचला. चिकटायची नेमकी जागा त्यांनी शोधून काढली होती. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी असूयाही वाटली. माणसांपर्यंत यायला त्याला अजून वेळ आहे. तोपर्यंत घोडाच.

आकडा एकच देतो. देशभरच्या मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सापाच्या चाव्याने सुमारे बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. शेतकरी, मजूर, मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं, आणि गेल्या वर्षी आपल्या सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याची योजना जाहीर केली. यादीत यायला २०१७ उजाडावं लागलं, कारण हा रोग ज्यांना होतो ते यादी करणाऱ्यांच्या ओळखीचे नसतात. हे माझं मत आहे, संयोजकांचं नव्हे.

काल दुपारी मी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन आलो. फ्रीज उघडून बघितला. कुप्या आहेत, तारखा चालू आहेत, नळ्याही आहेत. डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी मला विचारलं, “सर, लोक इतके उशिरा का येतात?” मी म्हटलं, काही जण सांगतच नाहीत.

बाई, त्या सोमवारी तिसऱ्या तासाला तुम्ही मला विचारलं होतंत, तुला काही ठाऊक आहे का. होतं. एकोणपन्नास वर्षं उशिरा उत्तर देतो आहे. सोमवारी दुपारी तालुक्याला गाडी होती, हे मी नंतर एसटीच्या जुन्या वेळापत्रकात बघितलं आहे. तिथे लस नव्हती हेही खरं. पण जिल्ह्याला पोचायला दोन दिवस हातात होते.

इथे आपल्या शाळेतली आताची काही मुलं मागे उभी आहेत, पताका लावायला आली होती ती. त्यांना सांगतो, बिया कुणाच्याही असोत, पान लागलं तर त्याच मिनिटाला मोठ्या माणसाला सांगा. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू नका, आणि सरळ दवाखाना. आणि तुमच्या मित्राला लागलं आणि तो सांगू नको म्हणाला, तरी सांगा. तो रागावेल. रागावू दे.

बाईंनी आत्ता घड्याळाकडे बघितलं, तेव्हा थांबतो. उद्या सकाळी ऊन पडल्यावर मी आणि त्याचे भाऊ सड्यावर जाणार आहोत, तो गडगा अजून आहे. कुणाला यायचं असेल तर साडेसातला शाळेच्या फाटकापाशी या. चपला नकोत, बूट घालून या, आणि भोकात हात घालू नका.